बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव : डिस्चार्ज कार्डावरची न वाचलेली ओळ

मागच्या वर्षी वस्तीतल्या विहारात आम्ही आरोग्य शिबिर घेतले. रक्तदाब, साखर, डोळे अशी नेहमीची तपासणी होती. दुपारी सामान आवरत असताना एक बाई अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आल्या. आमच्यातल्या एकीला म्हणाल्या, "ताई, हा अजून चालत नाही. घरातले म्हणतात सातव्याचा आहे, उशीर होणारच. तुम्ही एकदा बघता का?"

मुलाला धरून उभे केले तेव्हा त्याच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात होते. मूल हसरे होते, बोलतही होते. बाईंनी पिशवीतून एक जुनी फाईल काढली. जन्म तिसाव्या आठवड्यात, वजन एक किलो दोनशे ग्रॅम, काचेच्या पेटीत चौतीस दिवस. डिस्चार्ज कार्डाच्या खालच्या भागात एक ओळ लिहिलेली होती : दोन्ही बाजूंना आयव्हीएच, ग्रेड तीन, फॉलोअपला यावे.

या ओळीचा अर्थ त्यांना कोणी सांगितला होता का? "बाळ वाचलं, घरी न्या म्हणाले," एवढेच त्यांना आठवत होते. मग त्यांनी हळूच विचारले, "मी नवव्या महिन्यापर्यंत काम करणार होते. धुणी-भांडी करत होते. माझ्यामुळेच झालं का हे?"

हा लेख त्या ओळीबद्दल आणि त्या प्रश्नाबद्दल आहे. आम्ही डॉक्टर नाही. पण वस्तीत काम करताना अशा फायली वारंवार हातात येतात, आणि बालरोगतज्ज्ञांकडून समजून घेतलेल्या काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हव्यात असे आम्हाला ठामपणे वाटते.

आयव्हीएच म्हणजे काय?

आपल्या मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. गर्भात असताना या पोकळ्यांच्या कडेला एक खास थर असतो. मेंदूच्या नव्या पेशी तिथे तयार होतात आणि तिथून आपापल्या जागी जातात. एका अर्थाने ती मेंदूची रोपवाटिकाच. या कामाला भरपूर रक्त लागते, म्हणून तिथे बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पण त्या वाहिन्यांच्या भिंती अतिशय नाजूक असतात. साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत हा थर आपोआप विरून जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो जवळपास नसतोच.

बाळ त्याआधी जन्माला आले तर हा नाजूक थर गर्भाबाहेरच्या जगात उघडा पडतो. अशा बाळाला मेंदूतला रक्तप्रवाह स्थिर ठेवता येत नाही. श्वास अडकला, रक्तदाब वर-खाली झाला, जंतुसंसर्ग झाला, किंवा जन्मानंतर खडबडीत रस्त्याने लांबच्या रुग्णालयात हलवावे लागले, तर या वाहिन्या फुटू शकतात. रक्त आधी त्या थरात साचते आणि पुढे पोकळीत उतरते. यालाच डॉक्टर आयव्हीएच म्हणतात. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतात.

पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांची डोक्याची सोनोग्राफी करतात. टाळू अजून भरलेली नसते, त्या मऊ जागेवर यंत्र ठेवून आतला मेंदू पाहता येतो. बाळाला टोचावे लागत नाही आणि क्ष-किरणही लागत नाहीत.

ग्रेड म्हणजे काय?

१९७८ पासून डॉक्टर या रक्तस्रावाच्या चार पायऱ्या मानतात.

ग्रेड १ : रक्त त्या नाजूक थरापुरतेच.
ग्रेड २ : रक्त पोकळीत उतरले, पण पोकळी फुगलेली नाही.
ग्रेड ३ : पोकळी रक्ताने भरून फुगली.
ग्रेड ४ : शेजारच्या मेंदूतून रक्त वाहून नेणाऱ्या शिरा तुंबल्या आणि त्या भागालाच इजा झाली.

पहिल्या दोन ग्रेडमधली बहुसंख्य मुले पुढे चांगली वाढतात. तरीही त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. तिसऱ्या आणि चौथ्या ग्रेडमध्ये धोका बराच वाढतो. काही बाळांमध्ये मेंदूतल्या द्रवाची वाट रक्ताच्या गुठळ्यांनी अडते आणि डोक्यात पाणी साठते. डोके भराभर मोठे होऊ लागते. तेव्हा शस्त्रक्रिया करून डोक्यातून पोटापर्यंत नळी बसवावी लागू शकते.

पण ग्रेड म्हणजे मुलाचे भविष्य नव्हे. ग्रेड तीन असूनही शाळेत जाणारी, धावणारी मुले आहेत. ग्रेड एक असूनही अभ्यासात अडखळणारी मुले आहेत. कोणत्या मुलाकडे जास्त बारकाईने पाहायचे, एवढेच ग्रेड सांगते.

पुढे काय दिसू शकते?

पायांच्या हालचालीचे मज्जातंतू मेंदूत या पोकळ्यांच्या अगदी कडेने जातात. त्यामुळे रक्तस्रावाचा फटका अनेकदा आधी पायांना बसतो. पाय ताठर होतात, मूल चवड्यांवर उभे राहते. शिबिरातल्या मुलाचे नेमके हेच झाले होते. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. इजा एकाच बाजूला असेल तर शरीराची विरुद्ध बाजू कमजोर राहते. म्हणून वर्षाच्या आतले बाळ सतत एकाच हाताने खेळत असेल, तर "डावखुरा आहे" म्हणून हसून सोडून देऊ नये. दुसरा हात का वापरत नाही, ते दाखवून घ्यावे.

हालचालीशिवाय दृष्टी, श्रवण, बोलणे यांवरही परिणाम होऊ शकतो. काहींना फिट येतात. काही मुलांचे चालणे-बोलणे ठीक असते, पण शाळेत गेल्यावर गणित, लिखाण किंवा लक्ष देणे जड जाते. अशा मुलांना वर्गात 'ढ' किंवा 'खोडकर' ठरवले जाते. जन्माच्या वेळचा कागद तोवर हरवलेला असतो.

"सातव्याचा आहे, उशीर होणारच"

या वाक्यात थोडे खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे.

लवकर जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते आधी आले तितके वजा करतात. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ दहा आठवडे आधी आले. ते आठ महिन्यांचे झाले की त्याच्याकडून साडेपाच महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची. त्यामुळे आठव्या महिन्यात ते बसत नसेल तर लगेच घाबरायचे कारण नाही.

पण हेच गणित अडीच वर्षांच्या मुलाला लावून पाहा. अडीच महिने वजा केले तरी त्याचे वय सव्वादोन वर्षे येते. चालायला अठरा महिन्यांपर्यंतची मुभा असते. म्हणजे हे मूल 'सातव्याचे' म्हणून मागे नव्हते. त्याला मदतीची गरज होती आणि मदतीची सुमारे दोन वर्षे आपण घालवली होती. दोन वर्षांचे झाल्यावर वय वजा करण्याची सवलतही थांबवतात.

असेच आणखी एक वाक्य आपल्याकडे ऐकू येते : सातव्याचे बाळ जगते, आठव्याचे जगत नाही. हे पूर्णपणे चूक आहे. गर्भातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाची फुप्फुसे आणि मेंदू अधिक पक्का करतो.

वजा केलेल्या वयानुसार खालील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नये :

- दोन महिने उलटूनही आईकडे पाहून हसत नाही, नजर फिरवत नाही.
- चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी सतत आवळलेल्या राहतात.
- नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही.
- लंगोट बदलताना पाय ताठ होतात, एकमेकांवर जातात.
- आवाजाकडे वळत नाही.
- अठरा महिन्यांपर्यंत चालत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही.

डोके झपाट्याने मोठे होणे, टाळू फुगणे, सतत उलट्या, नजर खाली ओढल्यासारखी दिसणे किंवा फिट येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

टाळता येते का?

सगळे नाही, पण बरेच काही. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याच्या बेतात असलेल्या आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पुढच्या अनेक अभ्यासांतून दिसले की त्याने मेंदूतला रक्तस्रावही सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो. आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोन वापरतात. बारा-बारा तासांनी चार इंजेक्शने, २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान. औषध अतिशय स्वस्त आहे. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिला डोस आरोग्यसेविकेने द्यावा, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहे.

पण त्यासाठी आईने वेळेत पोहोचायला हवे. नववा महिना लागण्याआधी पाणी जाणे, रक्त जाणे, थांबून-थांबून कळा येणे, कंबरेत सतत दुखणे ही लक्षणे दिसली तर "बघू सकाळी" म्हणू नये. १०८ ला फोन करावा. जिथे नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे अशा रुग्णालयात आई पोटातल्या बाळासह पोहोचणे सर्वांत सुरक्षित असते. जन्मल्यानंतर बाळाला हलवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

गरोदरपणातला रक्तदाब, पंडुरोग आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांवर वेळेत उपचार व्हायला हवेत. तंबाखू आणि मिश्रीबद्दल तर उघड बोलायला हवे. आपल्या वस्त्यांमध्ये मिश्री लावणाऱ्या गरोदर बाया आजही आहेत, आणि त्यांच्यात बाळ लवकर व कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

पूर्ण दिवसांच्या बाळातही एका वेगळ्या कारणाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त गोठण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. जन्मतः बाळात ते फार कमी असते आणि आईच्या दुधातूनही थोडेच मिळते. म्हणून जन्मानंतर लगेच मांडीत एक मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. खूप लहान बाळाला त्याच्या निम्मे. हे राहून गेले तर दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही, चांगले खेळते बाळ अचानक मेंदूतल्या रक्तस्रावाने गंभीर होऊ शकते. घरी किंवा वाटेत प्रसूती झाली असेल तर हे इंजेक्शन दिले का, हे आवर्जून विचारा. याचा अर्थ आईचे दूध बंद करावे असा मुळीच नाही. दूध हवेच आणि इंजेक्शनही हवेच.

आणि एक घरातली गोष्ट. काचेच्या पेटीतून आलेल्या बाळाला आंघोळ घालताना डोके दाबून 'आकार' देणे, पाय धरून उलटे टांगणे, टाळू जोरात चोळणे हे प्रकार बंद करावेत. रडणाऱ्या बाळाला कधीही गदागदा हलवू नये.

घरी आल्यानंतर काय?

पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू वेगाने जोडण्या तयार करत असतो. इजा झालेल्या भागाचे काही काम दुसरा भाग उचलू शकतो. मात्र त्यासाठी त्याला योग्य वेळी योग्य सराव मिळावा लागतो. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा बुद्धी आणि समज यांच्या वाढीला शाळापूर्व वयापर्यंत फायदा होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. ताठर पाय पूर्ण सैल होतीलच असे कोणी सांगू शकत नाही. पण सांधे आखडणे टाळता येते. मूल बसायला, हात वापरायला, स्वतः जेवायला शिकू शकते.

सरकारी व्यवस्थेत यासाठी जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे आणि वाढीतला विलंब हा त्यातला एक मुख्य भाग आहे. या कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रे उभी केली आहेत. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच ठिकाणी असावेत अशी योजना आहे. सर्व जागा भरलेल्या आहेत का, हे विचारणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

दोन तपासण्या तर चुकवूच नयेत. एक डोळ्यांच्या पडद्याची, जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, कारण लवकर जन्मलेल्या बाळाची दृष्टी कायमची जाऊ शकते. दुसरी कानाची, शक्यतो पहिल्या महिन्यात. दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत.

अपंगत्व आलेच तर हक्क आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

मुले नेमकी कुठे निसटतात?

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने दाखवून दिले की गावातली प्रशिक्षित बाई घरोघर जाऊन नवजात बाळांचे जीव वाचवू शकते. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हेच काम देशभर आशाताईंमार्फत सुरू झाले. प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई घरी येतात. नंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी भेट ठरलेली आहे.

मग हे मूल कसे सुटले? आम्ही मागे जाऊन पाहिले. डिस्चार्जनंतर आई माहेरी गेली. तिथल्या आशाताईंच्या यादीत बाळाचे नाव नव्हते. परतल्यावर घरमालकाने खोली सोडायला लावली, पत्ता बदलला. फॉलोअपला जायचे तर दिवसाचा खाडा, आणि दोन खाडे झाले की काम जाते. वडिलांची मजुरी रोजची. एकदा त्या रुग्णालयात गेल्याही होत्या, पण कोणत्या खिडकीवर जायचे हे कळेना म्हणून परतल्या. यात कोणा एकाचा निष्काळजीपणा नाही. रक्तवाहिनी फुटणे ही शरीरातली घटना. त्यानंतर मुलाला थेरपी मिळते की नाही, हे घर, मजुरी, पत्ता आणि आपली सामाजिक जागा ठरवते.

"माझ्यामुळे झालं का?"

आता त्या ताईंचा प्रश्न. शिबिरातच एका वयस्कर बाईंनी उत्तर देऊन टाकले होते : "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." १९५६ ला धम्मदीक्षा घेतलेल्या समाजात, विहाराच्या आवारात हे वाक्य उच्चारले गेले. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्टपणे नाकारली आहे. बुद्धाने कारण शोधायला शिकवले. इथे कारण दिसते आहे : तिसावा आठवडा, नाजूक रक्तवाहिन्या, न मिळालेली इंजेक्शने. त्यात आईचे पाप कुठेच नाही, ग्रहण नाही, कोणाची नजरही नाही.

काम केल्यामुळे झाले का? एका बाईच्या बाबतीत असे बोट ठेवून सांगता येत नाही, आणि सांगूही नये. पण गरोदर बाईला शेवटपर्यंत राबावे लागणे हा तिचा गुन्हा नसून समाजाचा आहे. बाबासाहेब आणि रमाईंनी चार अपत्ये गमावली. लहानगा राजरत्न १९२६ मध्ये गेला. १९२८ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. आज नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. धुणी-भांडी करणारी आणि ऊस तोडणारी बाई बहुतेक वेळा त्या कायद्याच्या बाहेरच आहे. जवळपास शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न तिथेच आहे.

आपण काय करू शकतो?

२०२० मध्ये जगात सुमारे एक कोटी चौतीस लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यातली सुमारे तीस लाख भारतातली होती. सर्वांच्या मेंदूत रक्तस्राव होत नाही, पण वस्तीत अशी चार-दोन मुले नक्की असतात. प्रत्येक विहार, प्रत्येक युवक मंडळ पुढील गोष्टी करू शकते :

- काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळांची एक वही ठेवा. जन्माचा आठवडा, वजन, पत्ता बदलला तर नवा पत्ता लिहा.
- डिस्चार्ज कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. डोक्याच्या सोनोग्राफीत काय आले, हे डॉक्टरांना विचारायला आईसोबत जा.
- डोळे, कान आणि डीईआयसीच्या तारखांना सोबत एक माणूस द्या. पहिल्या वेळी खिडकी सापडली की पुढच्या वेळी आई एकटी जाऊ शकते.
- थेरपीच्या दिवशी बुडणाऱ्या मजुरीसाठी छोटा निधी उभारा.
- १७ नोव्हेंबरला जागतिक अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस असतो. त्या दिवशी विहारात आयांना एकत्र बोलवा.

शिबिरातला तो मुलगा आता आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जातो. पायात विशेष बूट आहेत. अजून तो एकटा चालत नाही, पण भिंत धरून दारापर्यंत येतो. त्याची आई इतर आयांची कार्डे घेऊन आमच्याकडे येते आणि विचारते, "यातलं वाचून दाखवता का?" परवा तिने आणलेले कार्ड तीन महिन्यांच्या मुलीचे होते. त्यावर ग्रेड दोन लिहिले होते. त्या मुलीच्या कानाची तपासणी राहिली होती. ती आता झाली आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.